बोर्दिगेरा : परक्या गावातील वास्तव्य

स्वदेश सोडून दुसऱ्या देशात जाऊन राहणाऱ्या माणसांचे सामान्यतः दोन वर्ग मानले जातात. पोटासाठी जाणारे हा एक वर्ग आणि जीव वाचवण्यासाठी जाणारे हा दुसरा. यांखेरीज तिसराही एक वर्ग आहे. त्याच्यापुढे भाकरीचा प्रश्न नसतो, त्याचा कोणी पाठलागही करत नसतो. चांगली हवा, बेताचा खर्च आणि निवांतपणा एवढ्यासाठीच तो आपले बिऱ्हाड परक्या गावात मांडतो. भूमध्य समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरील अनेक लहान, जुन्या गावांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या तिसऱ्या वर्गाचा इतिहास आहे.

असा माणूस त्या गावाचा रहिवासी केव्हा होतो? घर विकत घेतल्याने, वर्षानुवर्षे राहिल्याने, की आणखी कशाने? या प्रश्नाचा विचार हवेत करण्यापेक्षा एखाद्या गावाच्या आधारे करणे अधिक उपयुक्त ठरेल. इटलीतील बोर्दिगेरा हे गाव त्या दृष्टीने उद्बोधक आहे, कारण परकीयांची वसाहत तेथे निर्माण झाली, भरभराटली आणि लयाला गेली. तिच्यातले काय टिकले व काय नाहीसे झाले हे आज स्पष्टपणे पाहता येते.

गाव आणि त्याचा परिसर

इटलीच्या वायव्य टोकाला, फ्रान्सच्या सरहद्दीपासून काही मैलांवर, लिगुरिया प्रांतात बोर्दिगेरा वसले आहे. त्याच्या पूर्वेस सान रेमो हे शहर आणि पश्चिमेस व्हेंतिमिल्या हे सरहद्दीवरचे गाव आहे. उत्तरेकडून येणारे बोचरे वारे सागरी आल्प्सच्या रांगा अडवून धरतात आणि दक्षिणेचा समुद्र हवेतला गारठा कमी करतो. त्यामुळे हे स्थान ४३ अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे, म्हणजे आपल्या श्रीनगरच्या नऊ अंशांहून अधिक उत्तरेस असूनही तेथील हिवाळा सौम्य असतो. जानेवारीत तेथे लिंबे पिकलेली असतात आणि पिवळ्या मिमोझाला बहर येऊ लागतो.

जुने गाव टेकडीवर आहे. १४७० साली शेजारच्या बोर्गेत्तो सान निकोलो या वस्तीतील काही कुटुंबांनी येथे येऊन घरे बांधली. समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांचे भय असल्यामुळे गावाभोवती तट उभारण्यात आला. तटाच्या वेशी आणि आतल्या चिंचोळ्या गल्ल्या आजही पाहावयास मिळतात. १६८६ मध्ये व्हेंतिमिल्याच्या वर्चस्वाला कंटाळलेल्या आठ गावांनी एकत्र येऊन आपला स्वतंत्र संघ स्थापला, त्याचे मुख्य ठाणे बोर्दिगेरा हे होते. तात्पर्य, परकीय येण्यापूर्वीही या गावाला स्वतःचा इतिहास आणि स्वाभिमान होता. ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण बाहेरून येणाऱ्याला ज्या दिवशी एखादे गाव सापडते त्याच दिवशी ते जन्माला आले असा त्याचा समज होण्याचा संभव असतो.

मासेमारी, ऑलिव्ह, लिंबू आणि खजुरीच्या झावळ्या ही गावकऱ्यांच्या उपजीविकेची साधने होती. सेंट अँपेलिओ नावाच्या तपस्व्याने पाचव्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातून खजुराच्या बिया आणल्या अशी आख्यायिका आहे. समुद्रात घुसलेल्या भूशिरावर त्याच्या नावाचे लहानसे दगडी मंदिर आहे आणि १४ मे रोजी गावात त्याचा उत्सव होतो. येथील हवेत खजूर नीटसा पिकत नाही, त्यामुळे झाडाचे मोल फळासाठी नसून झावळ्यांसाठी आहे. कोवळ्या झावळ्या झाडावरच बांधून ठेवतात. उजेड न मिळाल्याने त्या फिकट, हस्तिदंती रंगाच्या होतात. त्यांच्या कलाकुसरीच्या वेण्या विणून झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये नेतात. ज्यू लोकांच्या मंडपांच्या सणासाठीही येथून हिरव्या झावळ्या पाठवल्या जात. एकाच बागेतून दोन धर्मांच्या सणांची गरज भागवणारे हे गाव बाहेरच्या जगाशी पूर्वीपासून व्यवहार करून होते.

एका कादंबरीचा परिणाम

इंग्रज लोकांना बोर्दिगेराची ओळख एका कादंबरीने करून दिली. जोव्हान्नी रुफ्फिनी (१८०७-१८८१) हा जिनोव्हाचा रहिवासी. माझ्झिनीच्या क्रांतिकारक संघटनेत भाग घेतल्यामुळे १८३३ साली त्याला देशत्याग करावा लागला आणि पुढील आयुष्याचा बराच काळ त्याने फ्रान्स व इंग्लंडमध्ये घालवला. त्याने 'डॉक्टर अँतोनिओ' ही कादंबरी इंग्रजीत लिहिली व ती १८५५ साली एडिंबरो येथे प्रसिद्ध झाली. एका इंग्रज सरदाराची मुलगी प्रवासात गाडीला अपघात होऊन बोर्दिगेराजवळ अडकून पडते, गावातील डॉक्टर तिच्यावर उपचार करतो आणि त्या मुक्कामात तिला तो प्रदेश व तेथील माणसे यांचा परिचय होतो, असे तिचे कथानक आहे. इटलीच्या स्वातंत्र्यलढ्याविषयी इंग्रजांच्या मनात सहानुभूती उत्पन्न व्हावी हा लेखकाचा हेतू होता. तो काही अंशी साध्यही झाला. परंतु पुष्कळ वाचकांनी त्यातून राजकारण न उचलता ऊन, समुद्र आणि खजुरीच्या बागा एवढेच उचलले.

या कादंबरीतील एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिचा नायक डॉक्टर अँतोनिओ हा बोर्दिगेराचा नव्हे. तो सिसिलीतून आलेला निर्वासित आहे. गावाने त्याला आपला मानले आहे ते त्याच्या सेवेमुळे. ज्या पुस्तकाने परकीयांना या गावाची वाट दाखवली, त्याच पुस्तकात परक्याने गावात कसे राहावे याचाही एक नमुना होता.

१८६० मध्ये नीस आणि त्याचा परिसर फ्रान्सकडे गेला आणि बोर्दिगेरा सरहद्दीजवळचे गाव बनले. १८७२ साली किनाऱ्याने जाणारा लोहमार्ग व्हेंतिमिल्यापर्यंत पूर्ण झाला. त्यापूर्वी येथे यायचे तर घोडागाडीने किंवा बोटीने यावे लागे. आता आगगाडी थेट गावात येऊ लागली आणि हिवाळी पाहुण्यांची रीघ लागली.

प्रकृती, पैसा आणि एकांत

या लोकांना येथे आणणारी कारणे तीन होती. पहिले व सर्वांत मोठे कारण म्हणजे क्षयरोग. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. कोरडी, उबदार हवा आणि सूर्यप्रकाश यांनी रोग्याला आराम पडतो असे डॉक्टर सांगत. जेम्स हेन्री बेनेट नावाचा इंग्रज डॉक्टर १८५९ मध्ये स्वतः आजारी होऊन जवळच्या मांतों गावी आला होता आणि तेथे त्याची प्रकृती सुधारली. त्याने लिहिलेल्या पुस्तकामुळे या किनाऱ्याची कीर्ती सर्वत्र पसरली.

स्कॉटिश लेखक जॉर्ज मॅकडोनाल्ड (१८२४-१९०५) याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्याच्या कुटुंबाला क्षयाने ग्रासले होते. इटलीत आल्यानंतर थोड्याच अवधीत, १८७८ मध्ये मुलगी मेरी आणि १८७९ मध्ये मुलगा मॉरिस अशी दोन अपत्ये त्याने गमावली. तरीही १८८० साली मित्रांच्या साहाय्याने त्याने बोर्दिगेरात मोठे घर बांधले. त्याचे नाव ठेवले 'कासा कोराज्जो', म्हणजे धैर्याचे घर. पुढे सुमारे वीस वर्षे या कुटुंबाचे हिवाळे तेथेच गेले. घराच्या मोठ्या दालनात रविवारी संध्याकाळी वाचन होई, नाटके बसवली जात आणि आलेल्या माणसाला दार उघडे असे. १८९१ मध्ये थोरली मुलगी लिलिया हिचाही येथेच क्षयाने अंत झाला. १९०२ मध्ये पत्नी लुइझा येथे वारली. मॅकडोनाल्ड स्वतः इंग्लंडमध्ये वारला, पण त्याच्या अस्थी बोर्दिगेराच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. सूर्यप्रकाशाने रोग बरा केला नाही. परंतु ज्या मातीत आपली माणसे पुरली ती माती परकी राहत नाही, हे या कुटुंबाच्या इतिहासावरून कळते.

दुसरे कारण पैशाचे. इंग्लंडमध्ये बेताच्या ठरणाऱ्या उत्पन्नात इटलीमध्ये प्रशस्त घर आणि नोकरचाकर ठेवता येत. तिसरे कारण एकांताचे. चित्रकार क्लोद मोने १८८४ च्या जानेवारीत तीन आठवड्यांच्या बेताने येथे आला. आपल्या प्रवासाची वाच्यता होऊ नये अशी त्याने आपल्या चित्रविक्रेत्याला सूचना दिली होती. येथील प्रकाश आणि मोरेनो नावाच्या गृहस्थाची खजुरी व ऑलिव्हची बाग यांनी त्याला असे धरून ठेवले की तो एप्रिलपर्यंत राहिला. त्या अवधीत त्याने तीन डझनांवर चित्रे रंगवली. त्याची गणना मात्र रहिवाशांत करता येणार नाही. तो पाहण्यासाठी आला, पाहून झाल्यावर निघून गेला.

गावातील दुसरे गाव

हिवाळी पाहुण्यांपैकी बरेच जण घरे बांधून राहू लागले तेव्हा टेकडीवरच्या जुन्या गावाखाली, व्हिया रोमाना या रस्त्याच्या आजूबाजूला, एक वेगळेच गाव उभे राहिले. त्यात बंगले, बागा, पाहुण्यांसाठी निवासगृहे आणि स्वतंत्र अँग्लिकन चर्च होते. १८७८ साली टेनिसचे क्रीडामंडळ निघाले. ते इटलीतील पहिले मानले जाते. इंग्रजांखेरीज इतरही होते. पॅरिसच्या ऑपेरागृहाचा वास्तुशिल्पी शार्ल गार्निए याने १८७०-८० च्या दशकाच्या आरंभी येथे स्वतःचे घर बांधले. गावासाठी त्याने चर्चचा आणि शाळेच्या इमारतीचा आराखडा तयार केला. त्या शाळेच्या इमारतीत आज नगरपालिकेचे कार्यालय आहे. लुडविग विंटर (१८४६-१९१२) हा जर्मन उद्यानतज्ज्ञ प्रथम जवळच्या मोर्तोला येथे टॉमस हॅन्बरी या इंग्रज व्यापाऱ्याच्या विख्यात बागेत काम करत असे. पुढे त्याने बोर्दिगेरात स्वतःची रोपवाटिका काढली. त्याच्यासारख्यांच्या उद्योगामुळे या किनाऱ्यावर फुलांच्या शेतीला चालना मिळाली आणि गुलाब, कार्नेशन, मिमोझा ही फुले आगगाडीने उत्तर युरोपात जाऊ लागली.

भारतीय वाचकाला या वर्णनावरून शिमला, उटकमंड किंवा महाबळेश्वर यांची आठवण होणे साहजिक आहे. १८२८ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने महाबळेश्वरला पेठ वसवली, तेव्हाही थंड हवा आणि प्रकृतिस्वास्थ्य हाच हेतू होता. चर्च, क्लब, बंगल्यांची नावे, बागेतली फुले यांत दोन्ही ठिकाणी विलक्षण साम्य आढळते. परंतु एक भेद मूलभूत आहे. भारतातील गिरिस्थानांवर इंग्रज राज्यकर्ता होता. कायदा त्याचा होता. बोर्दिगेरात तो दुसऱ्याच्या कायद्याखाली राहणारा पाहुणा होता. त्यामुळे स्थानिक लोकांशी नाते कसे ठेवावे, हा प्रश्न तेथे त्याला केवळ हुकमाने सोडवता येण्यासारखा नव्हता.

गावाला या वसाहतीपासून लाभ झाला यात शंका नाही. गवंडी, माळी, गाडीवान, धोबिणी, दुकानदार यांना काम मिळाले. पण या लाभाला दुसरी बाजू होती. समुद्राकडील जमिनी बाहेरच्यांच्या हाती गेल्या. कामाचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल एवढाच असे. मुख्य म्हणजे गावकरी आणि पाहुणा यांची गाठ बहुधा धनी आणि चाकर या नात्यानेच पडे. पुष्कळ परकीयांनी इटालियन भाषा नोकराला आज्ञा देण्यापुरतीच शिकून घेतली, आणि घरात बोलली जाणारी लिगुरियन बोली तर त्यांच्या कानांवरून नुसतीच जाई. ज्या शांततेसाठी ते आले होते ती शांतता पहाटे जाळी ओढणाऱ्या आणि उन्हात दगडी बांध रचणाऱ्या माणसांच्या श्रमांवर उभी आहे, हे त्यांच्या क्वचितच ध्यानी येई.

२३ फेब्रुवारी १८८७ रोजी पहाटे या किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला. लिगुरियात सहाशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि सान रेमोजवळचे बुस्साना हे गाव उद्ध्वस्त झाले. किनाऱ्यावरील अनेक पाहुण्यांनी मिळेल त्या गाडीने परतीचा मार्ग धरला. गावकऱ्यांना जाण्यासाठी दुसरे ठिकाण नव्हते. कोण पाहुणा आणि कोण रहिवासी, हे त्या एका दिवसाने उघड करून दाखवले.

क्लॅरेन्स बिकनेल

या वसाहतीतील एका माणसाने वेगळा मार्ग धरला. क्लॅरेन्स बिकनेल (१८४२-१९१८) हा लंडनजवळच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा. केंब्रिजमध्ये त्याने गणिताचे शिक्षण घेतले, पुढे धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि लंडनच्या गरीब वस्तीत काम केले. १८७८ साली तो बोर्दिगेराच्या अँग्लिकन चर्चचा धर्मोपदेशक म्हणून आला. थोड्याच काळात त्याने ते पद सोडले. गाव मात्र सोडले नाही. मृत्यूपर्यंत चाळीस वर्षे बोर्दिगेरा हेच त्याचे घर होते.

बिकनेलने प्रथम लक्ष घातले ते तेथील वनस्पतींत. डोंगर पालथे घालून त्याने फुले गोळा केली आणि त्यांची हजारो जलरंगचित्रे काढली. त्याच्या चित्रांचे पुस्तक १८८५ मध्ये आणि बोर्दिगेरा व सान रेमो येथील वनस्पतींची सूची १८९६ मध्ये प्रसिद्ध झाली. गावात इतर परकीय फुलझाडे लावत होते, तेव्हा हा माणूस तेथे मुळातच काय उगवते याची नोंद करत होता. या दोन वृत्तींतला फरक लहान नाही.

त्याचे दुसरे कार्य अधिक महत्त्वाचे ठरले. बोर्दिगेराच्या उत्तरेस, बेगो पर्वताच्या परिसरात, उंचावरच्या दऱ्यांतील कातळांवर कोरलेल्या आकृत्या आहेत. तेथील मेंढपाळांना त्या पूर्वीपासून ठाऊक होत्या. त्या भागातील काही जागांना सैतानाची आणि नरकाची नावे पडली होती. बिकनेलने १८८१ मध्ये त्या प्रथम पाहिल्या आणि १८९७ पासून उन्हाळ्यामागून उन्हाळे तेथे घालवून त्यांची पद्धतशीर नोंद केली. कातळावर कागद पसरायचा आणि त्यावर काळे मेण घासून आकृतीचा ठसा घ्यायचा, अशी त्याची पद्धत होती. बैलांची शिंगे, नांगर, शस्त्रे, शेतांचे आराखडे अशा १४ हजारांहून अधिक आकृत्या त्याने नोंदवल्या. त्यांपैकी बहुसंख्य आकृत्या ताम्रयुगातील व कांस्ययुगाच्या पूर्वार्धातील असाव्यात असे आजचे संशोधक मानतात. १९०६ च्या सुमारास त्याने कास्तेरिनो येथे डोंगरात लहान घर बांधले आणि १९१३ मध्ये या आकृत्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

हे काम त्याने एकट्याने केले नाही. लुइजी पोलिनी हा स्थानिक तरुण वर्षानुवर्षे त्याच्याबरोबर डोंगर चढत होता, ठसे घेत होता, आकृत्या शोधत होता. वसाहतीच्या रीतीप्रमाणे तो बिकनेलचा चाकर होता, पण प्रत्यक्षात तो सहकारी बनला. डोंगराची वाट आणि हवामान यांचे ज्ञान स्थानिक माणसाकडे होते. नोंद ठेवण्याची शिस्त परकीयाकडे होती. दोहोंच्या मेळातून एका प्रदेशाचा विसरलेला इतिहास उजेडात आला.

बिकनेलने १८८८ मध्ये गावात एक संग्रहालय उघडले. बोर्दिगेरातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्थापनेतही त्याचा पुढाकार होता. या ग्रंथालयाची स्वतंत्र इमारत १९१० साली उभी राहिली. भाषाभेद दूर व्हावेत म्हणून त्याने एस्परांतो या कृत्रिम भाषेचा हिरिरीने पुरस्कार केला आणि अंध एस्परांतोभाषकांना साहाय्य केले. तो सुखवस्तू होता, त्याला नोकरी करण्याची गरज नव्हती आणि त्याच्या दानशूरपणामागे वडिलोपार्जित संपत्ती होती, हे विसरून चालणार नाही. परंतु तशीच संपत्ती त्याच रस्त्यावरच्या इतर अनेक बंगल्यांतही होती. १७ जुलै १९१८ रोजी कास्तेरिनो येथे त्याचे निधन झाले.

वसाहतीचा अस्त

पहिल्या महायुद्धाने हिवाळी पाहुण्यांचे जग मोडून टाकले. निश्चित व्याजावर जगणाऱ्या वर्गाची मिळकत घटली. तत्पूर्वीच, १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाच्या जंतूचा शोध लावल्यानंतर, वैद्यकाचा कल उंच पर्वतावरील आरोग्यधामांकडे वळू लागला होता. युद्धानंतर आणखी एक बदल झाला : लोक समुद्रकिनाऱ्यावर हिवाळ्याऐवजी उन्हाळ्यात येऊ लागले. इटलीची राजमाता मार्गेरिता हिने बोर्दिगेरात बंगला बांधला होता. ४ जानेवारी १९२६ रोजी तिचे तेथेच निधन झाले. जुन्या हिवाळी हंगामाचा तो जणू शेवट होता.

१९३५ मध्ये इटलीने अबिसिनियावर स्वारी केली आणि राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध घातले, तेव्हा इंग्रज व इटालियन यांच्या संबंधांत कटुता आली. १० जून १९४० रोजी इटलीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. अनेक दशके शेजारी म्हणून राहिलेली माणसे एका दिवसात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरली. उरलेसुरले इंग्रज निघून गेले किंवा स्थानबद्ध झाले. त्यांची मालमत्ता सरकारी ताब्यात गेली. परक्या देशातील वास्तव्य कितीही सुखाचे असो, ते दोन सरकारांच्या मर्जीवर अवलंबून असते, हे कटू सत्य त्यांना तेव्हा उमगले.

या साऱ्यातून काय उरले? 'आंग्स्ट' नावाचे एका स्विस मालकाचे भव्य हॉटेल दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक दशके ओस पडून राहिले. अँग्लिकन चर्चमध्ये नियमित उपासना होणे थांबले आणि ती वास्तू गावाचे सांस्कृतिक सभागृह झाली. ग्रंथालय आज नगरपालिकेचे आहे आणि त्यात जुनी इंग्रजी पुस्तके जतन करून ठेवली आहेत. बिकनेलच्या संग्रहालयात १९३० नंतरच्या दशकात नीनो लांबोल्या (१९१२-१९७७) या इटालियन पुरातत्त्वज्ञाने लिगुरियाच्या अभ्यासाची संस्था उभी केली. पुढे १९५० मध्ये आल्बेंगा येथील समुद्रात बुडालेल्या रोमन जहाजाचे संशोधन करून याच लांबोल्याने सागरी पुरातत्त्वाचा पाया घातला. तात्पर्य, परकीयांनी स्वतःपुरते जे बांधले ते बहुतेक ओस पडले किंवा त्याचा उपयोग बदलला. गावाच्या उपयोगाचे जे केले ते गावाने पुढे चालवले.

आजचे वास्तव्य

आज बोर्दिगेराची लोकवस्ती सुमारे दहा हजार आहे. परदेशातून येऊन राहणारी माणसे तेथे अजूनही आहेत, पण त्यांच्या वास्तव्याचे नियम आता लिखित व काटेकोर आहेत. युरोपीय संघाच्या नागरिकाला तेथे स्थायिक होण्याचा हक्क आहे. त्याला नगरपालिकेच्या निवडणुकीत मतही देता येते. संघाबाहेरील नागरिकाला १८० दिवसांच्या कोणत्याही कालखंडात ९० दिवसांपेक्षा अधिक राहायचे असेल तर आधी योग्य व्हिसा मिळवावा लागतो आणि इटलीत पोहोचल्यावर आठ दिवसांच्या आत वास्तव्य परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. ज्या ब्रिटिश लोकांनी ही वसाहत उभारली तेही आता याच वर्गात मोडतात, कारण ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपल्यानंतर युरोपीय संघातील मुक्त संचाराचा त्यांचा हक्क संपुष्टात आला.

निवृत्तिवेतन किंवा भाडे यांसारखे स्वतंत्र उत्पन्न असणाऱ्यांसाठी इटलीत स्वेच्छा-निवासाचा व्हिसा आहे. तो घेणाऱ्याला तेथे नोकरी करता येत नाही. वर्षातील निम्म्याहून अधिक काळ राहणारा सामान्यतः तेथील करदाता ठरतो. संघाच्या नागरिकाला चार वर्षांनी आणि इतरांना दहा वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. २०१८ पासून त्यासाठी इटालियन भाषेच्या मध्यम पातळीच्या ज्ञानाचा दाखला आवश्यक झाला आहे. व्हिया रोमानावरील बंगल्यांत राहणाऱ्या पुष्कळांनी जी गोष्ट चाळीस वर्षांत केली नव्हती, ती आता कायद्यानेच मागितली आहे.

आणखी एक संकट या गावापुढे आहे. नारळ लावणाऱ्या कोकणातील बागायतदारांना सोंड्या भुंगा चांगला परिचित आहे. दक्षिण व आग्नेय आशियातील ही कीड शोभेच्या ताडवर्गीय झाडांच्या व्यापारातून १९९० नंतरच्या दशकात स्पेनमध्ये पोहोचली आणि पुढे भूमध्य समुद्राच्या साऱ्या किनाऱ्यावर पसरली. लिगुरियातही तिने अनेक झाडे मारली. भुंगा खोडात शिरला की बाहेरून झाड काही काळ हिरवेच दिसते. कळते तेव्हा उशीर झालेला असतो. झाडाची नित्य तपासणी, जखमांवर लेप आणि मेलेल्या झाडाची तत्काळ विल्हेवाट एवढाच उपाय हाती उरतो. झावळ्या बांधण्याची जुनी विद्या जाणणारे हातही आता थोडे राहिले आहेत. अशा वेळी बागेच्या सावलीत बसणारा परदेशी घरमालक आपल्या झाडाची तपासणी करून घेतो की नाही, ही त्याची खासगी बाब राहत नाही. त्याच्या एका झाडातली कीड शेजाऱ्याच्या बागेत जाते.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या एकाच गोष्टीत बऱ्याच अंशी सामावलेले आहे. घराचा दस्तऐवज, वास्तव्याचा परवाना, वर्षांची संख्या या सर्व आवश्यक गोष्टी असल्या तरी त्या पुरेशा नाहीत. शांत, जुने गाव हे कोणी तयार करून ठेवलेले विश्रामगृह नव्हे. तेथील माणसे ते रोज सांभाळत असतात म्हणून ते तसे राहते. जो परका माणूस त्या सांभाळण्यात आपला वाटा उचलतो, त्यांची भाषा शिकतो, त्यांच्या ज्ञानाचा मान ठेवतो आणि संकटाच्या दिवशी तेथेच असतो, तो त्या गावाचा रहिवासी होय. बाकीचे कितीही वर्षे राहिले तरी पाहुणेच. बोर्दिगेराच्या ग्रंथालयात आज शाळकरी मुले अभ्यासाला बसतात. त्यांतल्या पुष्कळांना बिकनेलचे नाव ठाऊक नसेलही. पुस्तके मात्र त्यांच्या हाती पोहोचली आहेत.